क्वामेंच्या ट्रेलरमधली चाहूल

आर्डिस क्वामे नवा ट्रेलर घेऊन घरी आली, त्याच्या तासभर आधीच ती घरी येऊन गेली होती, असं इडेला स्कोगेनचं म्हणणं होतं. आणि इडेला काही थापा मारणाऱ्यांतली नव्हे.

इडेला शेजारची. नॉर्थ डाकोटाच्या त्या माळावर शेजार म्हणजे मध्ये दोन शेतं आणि वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेली झाडांची एक रांग. आर्डिस आणि इडेलाचा भाऊ पामर ट्रेलर आणायला बिस्मार्कला गेले, तेव्हा ऑर्लिनपाशी बसायला म्हणून ती आली होती. ऑर्लिन हा आर्डिसचा नवरा. आदल्या हिवाळ्यात त्याला झटका आला आणि उजवं अंग लुळं पडलं. बोलणंही जवळजवळ गेलं. एखादा शब्द यायचा, तोही खोल विहिरीतून ओढून काढल्यासारखा. त्या दुपारी तो चाकांच्या खुर्चीत खिडकीशी बसला होता आणि इडेला विणत होती. तेवढ्यात दोघांनीही ऐकलं. अंगणातल्या खडीवर जड चाकं करकरली, पिकअपचं इंजिन धडधडून बंद पडलं, दार आपटलं, मग ओसरीच्या लाकडी पायऱ्यांवर पावलं वाजली. ऑर्लिनने तिकडे मान वळवली आणि अर्ध्या तोंडाने हसला. इडेलाने कॉफीचं पाणी ठेवलं, मांडीवरचं विणकाम बाजूला केलं आणि दार उघडलं.

अंगणात कोणी नव्हतं. खडी होती तशी होती. वाऱ्याने दोरीवरचे टॉवेल फडफडत होते.

खरी आर्डिस आली तोवर कॉफी निवून गेली होती.

"मघाशी येऊन परत कुठे गेली होतीस?" इडेलाने विचारलं.

"मघाशी? मघाशी मी रस्त्याच्या कडेला चाकांचे नट आवळत होते. नव्या गाडीचे सैल होतात म्हणून सांगितलंय त्यांनी. विचार तुझ्या भावाला."

पामरने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि टोपी परत घातली. "वर्देगर," तो म्हणाला.

"गप रे," आर्डिस म्हणाली. "तुला काय, कुठलंही निमित्त चालतं."

हा शब्द त्या सगळ्यांच्या आज्या-पणज्यांनी नॉर्वेहून बोटीतून आणलेला. माणूस येण्याआधी त्याची चाहूल येते. पावलं वाजतात, कडी निघते, काठी कोपऱ्यात टेकल्याचा आवाज होतो, आणि बघायला जावं तर तिथे कोणी नसतं. मग काही वेळाने तोच माणूस तशाच पावलांनी येतो. पामरची आई म्हणे ती चाहूल लागली की बटाटे चुलीवर चढवायची, म्हणजे बाप दारात येईपर्यंत ते शिजलेले असायचे. त्या भागात याला कोणी भूत म्हणत नाही. पण कोणी त्याबद्दल फार बोलतही नाही.

आर्डिसला त्या दिवशी याचं काही वाटलं नाही, कारण तिचं सगळं लक्ष ट्रेलरवर होतं. तो काही मागे हुकाला अडकवून ओढायचा साधा ट्रेलर नव्हता. पिकअपच्या हौद्यात एक लोखंडी खोगीर बसवतात, त्यावर ट्रेलरची मान चढून बसते. याला फिफ्थ व्हील म्हणतात. मानेच्या वरच्या भागात झोपायची खोली, तिथून दोन पायऱ्या उतरून स्वयंपाकघर आणि बैठक. बटण दाबलं की एक अख्खी भिंत बाहेर सरकते आणि आतली खोली ऐसपैस होते. हे सगळं आर्डिसने एकटीने ओढत आणलं होतं. पामर शेजारी बसून नुसता सांगत होता, "वळण मोठं घे, ते आतून कापतं." आणि ती म्हणत होती, "पामर, मी शाळेची बस चालवायचे तेव्हा तू तुझा ट्रॅक्टर खड्ड्यात घालायचास."

ते खरंच होतं. तिने आयुष्यभर त्या तालुक्यातल्या पोरांची बस चालवली होती. अंधारात उठून इंजिन गरम करायचं, बर्फात रस्ता कुठे संपतो आणि शेत कुठे सुरू होतं ते कुंपणाच्या खांबांवरून ओळखायचं. जुन्या बसचा क्लच दाबून दाबून तिचा डावा गुडघा झिजला होता. ऑर्लिन गावातल्या धान्याच्या कोठारावर कामाला होता. गव्हाच्या धुळीत उभं राहून तो समुद्राच्या गोष्टी करायचा. त्याने समुद्र कधी पाहिला नव्हता. निवृत्त झालो की ट्रेलर घ्यायचा आणि ओरेगनच्या किनाऱ्याला जायचं, हे दोघांचं ठरलेलं होतं. मग झटका आला. लेक रेने मिनियापोलिसला असते. ती फोनवर म्हणाली, "मॉम, आता कशाला तो ट्रेलर? डॅडना बाथरूमला न्यायला तुला घरात जमत नाही."

"घरात जमत नाही ते तिथेही जमणार नाही," आर्डिस म्हणाली. "मग न जमणं समुद्रापाशी झालेलं काय वाईट?"

रेनेने फोन ठेवला तो रागानेच.

मे महिना लागला, बर्फ वितळून शेतांत तळी साचली आणि आर्डिस ट्रेलरच्या तयारीला लागली. घराच्या उत्तरेच्या बाजूला तो उभा केला, चारी कोपऱ्यांचे टेकू खाली सोडले, पाणसळ लावून सपाट केला. पामरने ऑर्लिनच्या खुर्चीसाठी फळ्यांचा उतार बांधून दिला. मोठी खुर्ची दारातून जाईना, म्हणून एक अरुंद खुर्ची मागवली. एका सकाळी आर्डिस पाण्याची टाकी धूत होती. ब्लीच घालून पाणी भरायचं, नळांतून वास येईपर्यंत सोडायचं, मग सगळं ओतून परत भरायचं, असं ते काम. ती नळी धरून बाहेर उभी होती आणि ट्रेलर हलला.

टेकू लावलेले असले तरी आत कोणी चाललं की असा ट्रेलर जरा हलतो. हे तिला तोवर कळलं होतं. पामर आत गेला की बाहेरून कळायचं तो कुठल्या खोलीत आहे ते. आत्ता तो तसाच हलत होता. आधी मानेकडचा भाग किंचित दबला. मग पावलं वाजली, एक जड, एक हलकं. दोन पायऱ्या उतरली. स्वयंपाकघरात आली, थांबली. एक कप्पा ओढल्याचा आवाज आला.

"पामर?" तिने हाक मारली.

पामर तिथे नव्हता. नळी टाकून ती आत गेली. नव्या गालिच्याचा आणि ब्लीचचा वास येत होता. कोणी नव्हतं. चमच्यांचा कप्पा बंदच होता. तिने तो उघडून पाहिला. रिकामा. अजून तिने चमचे आणलेच नव्हते.

एखादा रॅकून आत शिरला असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. नाहीतर ओलीने खालची जमीन खचली असेल. पण दुसऱ्या दिवशी ती दोरीवर कपडे वाळत घालत असताना तेच झालं, आणि त्यानंतरही होत राहिलं. नेहमी दिवसा, लख्ख उन्हात, ती बाहेर असताना. एक जड पाऊल, एक हलकं. ट्रेलरकडे पाठ करून काम करता करता ती एकदम वळून बघायची. खिडकीचे पडदे स्थिर असायचे आणि ट्रेलर मात्र श्वास घेतल्यासारखा हलत असायचा.

शेवटी तिने पामरला बोलावलं. दोघं त्याच्या पिकअपच्या मागच्या फळीवर पाय सोडून, हातात कॉफी घेऊन बसली. बराच वेळ काही झालं नाही. पामर इडेलाने केलेल्या आंबटगोड रुबार्बच्या वड्या खात होता. मग ट्रेलर हलला. पामरचं चघळणं थांबलं.

पावलं पायऱ्या उतरून आली, स्वयंपाकघरात थांबली आणि परत गेली.

"रॅकून आहे ना?" आर्डिस म्हणाली.

"बूट घातलेला," पामर म्हणाला.

"थट्टा करू नकोस."

"करत नाहीये." त्याने वडी परत डब्यात ठेवली. "हे बघ, माझी आई एवढंच सांगायची की याला भ्यायचं नसतं. चाहूल जिवंत माणसाची असते. मेलेल्याची नव्हे. जो तिथे चालणार आहे, त्याचीच."

"कधी चालणार आहे?"

"ते कसं सांगू? आमचा बाप अर्ध्या तासात यायचा. पण त्याला कुठे लांब जायचं होतं? कोठारापासून घरापर्यंत."

त्या दिवसापासून आर्डिसच्या डोक्यात एक गोष्ट घर करून बसली. एक जड पाऊल, एक हलकं. ज्याचं एक अंग गेलेलं आहे, तो माणूस चालायला लागला तर कसा चालेल? असाच. तिने हे कोणाला सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ऑर्लिनला खुर्चीतून उठवून ओट्याला धरून उभं केलं. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तो करायचाच, पण आता ती त्याला दुप्पट करायला लावू लागली. "अजून एक. धर. माझ्याकडे बघू नकोस, पायाकडे बघ." त्याच्या कपाळावर घाम यायचा. तो मान हलवून नको म्हणायचा. ती म्हणायची, "तू चालणार आहेस. मला माहीत आहे." तो तिच्याकडे असा बघायचा, जणू तीच आजारी आहे.

मग एक दिवस तिने त्याचा हात ओट्यावरून सोडवला. तो उभा राहिला, क्षणभरच, आणि झाडासारखा कलला. डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं नाही ते नशीब. खांदा आणि गाल मात्र काळेनिळे झाले. त्याला उचलायला इडेला आणि पामर दोघांनाही यावं लागलं. इडेलाने त्याच्या गालावर बर्फाची पिशवी धरली आणि आर्डिसकडे बघून म्हणाली, "तुझं काय चाललंय, बाई?"

आर्डिस बाहेर जाऊन ओसरीच्या पायरीवर बसली. समोर ट्रेलर हलत होता.

नंतरच्या रविवारी, चर्चहून आल्यावर, तिने ऑर्लिनची खुर्ची ढकलत ट्रेलरजवळ आणली. त्यालाही ऐकवावं, एवढंच तिच्या मनात होतं. गवतातून खुर्ची जाता जाईना. वारा पडला होता. माळावर वारा पडला की कानात काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. ती खुर्चीच्या मुठी धरून मागे उभी राहिली. थोड्या वेळाने मानेकडचा भाग दबला आणि पावलं सुरू झाली.

ऑर्लिन ऐकत राहिला. त्याला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"ऐकलंस ना?" ती वाकून म्हणाली. "तूच आहेस तो."

त्याने मान हलवली. शब्द शोधायला त्याला वेळ लागला. डावा हात उचलून त्याने तिच्याकडे बोट केलं. "तू," तो म्हणाला.

"मी इथे आहे. मी कशी असेन?"

"तू," तो पुन्हा म्हणाला. मग बोट खाली नेलं. "गुडघा."

तिने त्याला घरात नेलं आणि स्वयंपाकघरात एकटीच चालून पाहिलं. खिडकीपासून फ्रीजपर्यंत आणि परत. आपण कसे चालतो ते माणसाला कधी ऐकू येत नाही, पण त्या दिवशी तिला आलं. एक जड, एक हलकं. चाळीसेक वर्षं ऑर्लिन खाली बसून वरच्या मजल्यावरची तिची पावलं ऐकत आला होता. त्याने पहिल्या दिवशीच ओळखलं असणार.

आणि तिथे ओट्याशी उभी असताना तिला आणखी एक गोष्ट उमगली. तिने इतक्या दिवसांत ट्रेलरमध्ये एकाच माणसाची पावलं ऐकली होती. दुसरं कोणी नव्हतं. म्हणजे त्यात ती एकटीच चालणार होती.

सोमवारी तिने सरकती भिंत आत घेतली, गॅसच्या टाक्या बंद केल्या, पाणी ओतून दिलं आणि दाराला कुलूप लावलं. रेनेला फोन करून सांगितलं की जायचं रद्द. रेने म्हणाली, "देव पावला. मॉम, खरंच बरं केलंस." पामरला तिने सांगितलं की ट्रेलर विकायचा आहे, कोणी असेल तर बघ. का, ते सांगितलं नाही. पामरने विचारलंही नाही, पण तो गिऱ्हाईक बघायलाही गेला नाही.

ऑर्लिनने मात्र जेवण सोडलं. ताट पुढे केलं की तोंड फिरवायचा. आर्डिसने त्याच्या आवडीची लेफ्से केली, बटाट्याच्या पातळ पोळ्यांना लोणी आणि साखर लावून. तीही तशीच राहिली. तो खिडकीशी बसून बंद ट्रेलरकडे बघत राहायचा. दोन-तीन दिवस असेच गेले तेव्हा ती त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसली.

"तुला काय पाहिजे?"

"समुद्र."

"नाही जायचं आपण. मी जाणार आणि तू..." तिने स्टूल पुढे ओढलं. "त्यात मी एकटी आहे, ऑर्लिन. मी नीट ऐकलंय. एकच माणूस चालतंय."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा हळूहळू बदलला. गालावरचा निळा डाग पिवळा पडत आला होता, तो हलला. ऑर्लिन हसत होता. त्याने डाव्या हाताने खुर्चीच्या चाकावर थाप मारली.

"बसलेला," तो म्हणाला. श्वास घेतला. ओठ दोनदा हलले, शब्द आला नाही, मग आला. "बसलेला... वाजत नाही."

आर्डिसने तोंडावर एप्रन घेतला. ती हसत होती की रडत होती ते दारात आलेल्या इडेलालाही कळलं नाही. पण भीती काही पूर्ण गेली नाही. बसलेला माणूस वाजत नाही, आणि नसलेलाही वाजत नाही. हे तिने बोलून दाखवलं नाही. दाराचं कुलूप मात्र त्याच संध्याकाळी काढलं.

जूनच्या मध्याला ती दोघं निघाली. पामर हौद्यात चढून बघत होता आणि आर्डिस पिकअप मागे घेत होती. "मागची फळी खाली केलीस का?" तो ओरडला, कारण ती वर राहिली तर ट्रेलरच्या मानेला लागून चेपते. "केली," ती म्हणाली. खोगिरात खीळ खट्कन बसली, तिने दांडा लावला, दिव्यांची वायर जोडली आणि जरा पुढे ओढून पकड तपासली. ऑर्लिन पुढच्या सीटवर पट्टा लावून बसला होता, डोक्यावर कोठारातली जुनी टोपी. इडेलाने त्याच्या मांडीवर वड्यांचा डबा ठेवला. "हिला देऊ नकोस सगळ्या," ती त्याला म्हणाली. तिला माहीत होतं की सगळ्या तोच खाणार.

मोंटानात वारा असा होता की ट्रेलर मागून ढकलल्यासारखा वाटायचा. आर्डिस दोन्ही हातांनी चाक धरून हळू चालवायची, मागे गाड्यांची रांग लागली की बाजूला घेऊन जाऊ द्यायची. ऑर्लिन खिडकीतून बघायचा आणि मधूनच एक शब्द बोलायचा. "हरिण." "पूल." "बर्फ," आणि खरंच डोंगराच्या माथ्यावर जूनमध्ये बर्फ होतं. ती रोज पहाटे उठून आधी त्याच्या छातीकडे बघायची, ती हलते आहे ना म्हणून.

ओरेगनला पोचायच्या आदल्या मुक्कामी नदीकाठच्या एका ट्रेलर लावायच्या तळावर ती उतरली होती. दुपारची वेळ होती. आर्डिस तळाच्या धुण्याच्या खोलीत कपडे घेऊन गेली. यंत्रांच्या घरघरीत बाकावर बसून ती मनात शब्द जुळवत होती. ऑर्लिन पडला त्याबद्दल तिने त्याला अजून काही म्हटलं नव्हतं. कसं म्हणायचं ते ती जुळवत होती, मोडत होती. कपडे वाळले, टोपली काखेत घेऊन ती परत निघाली, आणि ट्रेलरपासून जरा अलीकडे थांबली.

ट्रेलर हलत होता. आत पावलं वाजत होती, एक जड, एक हलकं. मग पावलं थांबली आणि आवाज आला. बाईचा, हळू, शब्द कळत नव्हते. आर्डिसने आपला आवाज असा बाहेरून कधी ऐकला नव्हता. तो जरा थांबला. मग दुसरा आवाज आला, खोल, एका शब्दाचा. तो ऑर्लिनचा होता. त्यानंतर पुन्हा बाईचा.

शेजारच्या ट्रेलरमधला एक म्हातारा बाहेर खुर्ची टाकून बसला होता. त्याने टोपली घेऊन उभ्या असलेल्या आर्डिसकडे बघितलं आणि बंद दाराकडे बघितलं. "बहीण का तुझी, आतली?" त्याने विचारलं.

"नाही," आर्डिस म्हणाली. 

आतला आवाज थांबेपर्यंत ती तिथेच उभी राहिली. मग फळ्यांच्या उतारावरून वर गेली आणि दार उघडलं. ऑर्लिन अरुंद खुर्चीत खिडकीशी होता. त्याच्याशिवाय तिथे कोणी नव्हतं. तो तिच्याकडे असा बघत होता, जणू ती नुसती दुसऱ्या खोलीतून आली आहे.

"तू कोणाशी बोलत होतास?"

त्याला प्रश्न विचित्र वाटला. "तू," तो म्हणाला.

"मी काय म्हणाले?"

त्याने आपल्या गालाला हात लावला, जिथे आता डागही उरला नव्हता. मग मान हलवली, नाही नाही, काही नाही, अशी. आर्डिसने टोपली खाली ठेवली. मग गुडघा दुखत असूनही ती त्याच्यासमोर खाली बसली आणि जे बाकावर बसून जुळवलं होतं ते सगळं तिने आपल्या तोंडाने पुन्हा म्हटलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, जरा थांबला आणि म्हणाला, "पुरे." तोच खोल आवाज, एक शब्द. बाहेर उभी असताना तिने हेच ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना समुद्र दिसला. वाळूत खुर्ची रुतली, तेव्हा दोन अनोळखी माणसांनी ती उचलून पाण्यापर्यंत नेली. धुकं होतं, थंडी होती, आणि लाटा त्याच्या बुटांवरून गेल्या. ऑर्लिनला एकही शब्द सापडला नाही. त्याने शोधायचा प्रयत्नही केला नाही. ती दोघं तिथे टोप्या कानावर ओढून बसून राहिली, भूक लागेपर्यंत.

ऑगस्टच्या अखेरीस, कापणीच्या धामधुमीत, ती दोघं घरी आली. त्या दिवशी इडेलाने आधी काही ऐकलं नाही. नुसती गाडी आली. ट्रेलर उत्तरेच्या बाजूला उभा राहिला आणि पुढे तो आत कोणी नसताना कधी हलला नाही.

ऑर्लिन फेब्रुवारीत गेला, आपल्या घरात, आपल्या पलंगावर. जमीन गोठलेली होती म्हणून पुरण्यासाठी वसंताची वाट बघावी लागली. रेने येऊन राहिली. तिने आईला मिनियापोलिसला चल म्हणून बरंच समजावलं, आणि जाताना विमानतळाच्या वाटेवर आईला गाडी थांबवायला लावून, ट्रेलरमधले समुद्राचे फोटो मला पाठव, असं म्हणाली.

मे महिन्यात आर्डिस परत नळी धरून टाकी धुवायला लागली. इडेला कुंपणापाशी येऊन उभी राहिली.

"कुठे निघालीस?"

"दक्षिणेला. रेडवुडची झाडं बघायची आहेत."

"एकटी?"

"तुला यायचंय का? घोरतेस म्हणे तू. पामर सांगत होता."

"पामर स्वतः घोरतो ते त्याला ऐकू येत नाही." इडेलाने ट्रेलरकडे मान करून जरा वेळ कान दिला. आत शांत होतं. "वरची खोली तू घे," ती म्हणाली, "मला त्या पायऱ्या नकोत. आणि सामान मी गुरुवारी आणते."